अकरा अधिक एक

आठवड्याच्या सात वारांची वाटणी जगाने फार पूर्वीच करून टाकलेली आहे. सोमवार ते शुक्रवार धन्याचे, शनिवार उरल्यासुरल्या कामांचा, आणि रविवार मुलांचा. ज्या घरात लहान मुले आहेत त्या घरातील बापाला या वाटणीची प्रचीती दर आठवड्यास येते. इतर दिवशी तो घरात असून नसल्यासारखा असतो. सकाळी मुलांना त्याची पाठ दिसते आणि रात्री त्याचा थकलेला चेहरा. रविवारी मात्र तो त्यांच्या तावडीत सापडतो. आईची ओळख मुलांना रोजच्या रोज होत असते. बापाची ओळख त्यांना हप्त्याहप्त्याने होते. मूल पाचव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत बापाबरोबर हिंडते असे धरले, तरी सगळे मिळून ५२० हप्ते. त्यांतून आजारपणे, पाहुणे, परीक्षा आणि लग्नकार्ये वजा जाता जी काही बाकी उरेल, तेवढ्यातच बापाला आपले सारे म्हणणे मुलांपाशी पोचते करावयाचे असते.

आमच्या वडिलांना ही बाकी नेमकी ठाऊक असावी, कारण हिशेब हाच त्यांचा व्यवसाय होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. हैदराबादेतील एका सरकारी कचेरीत ते हिशेबनीस होते. आमचे आजोबा परभणीकडून या शहरात आले, तेव्हा मराठवाड्याची राजधानी हैदराबाद हीच होती. शिकावयाचे असो, नोकरी धरावयाची असो की वरच्या कोर्टात दाद मागावयाची असो, माणूस येथेच येई. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. त्या दिवशी आमचे गाव मुंबई राज्यात गेले, शहर आंध्र प्रदेशात आले, आणि आमचे घर शहराबरोबर राहिले. २०१४ साली तेच शहर तेलंगणाचे झाले. घराचा उंबरठा न हलवता तीन राज्यांत राहून झाले, असे अण्णा मोठ्या मिस्किलपणे म्हणत. तो उंबरठा गौलीगुड्यातील एका बोळात होता. पत्र्याच्या अवाढव्य छपराखालचे ते जुने बसस्थानक, जे २०१८ साली कोसळले, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. पाच मिनिटे चालले की अफझलगंज, आणि पुढे नया पूल ओलांडला की सालारजंग संग्रहालय. १९८५ ते १९९२ या काळातील आमचे बहुतेक रविवार या टापूत पायी गेले.

अण्णांचा रविवारचा एक दंडक होता. एका रविवारी एकच वस्तू पाहावयाची. संग्रहालयात दालनांमागून दालने उघडी असत. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान १९४९ साली अविवाहित वारले. त्यांच्यामागे राहिलेला तो अफाट संग्रह १९५१ च्या डिसेंबरात त्यांच्याच दिवाणदेवडीत लोकांसाठी खुला झाला, आणि १९६८ साली मुसी नदीच्या काठावरील हल्लीच्या इमारतीत आला. हस्तिदंत, जेड, चिनी मातीची भांडी, तलवारी, गालिचे, हस्तलिखिते. पाहणाऱ्याचे डोळे दिपून जावेत अशी ती श्रीमंती. परंतु अण्णा आम्हां दोघां भावंडांना त्या साऱ्या श्रीमंतीमधून, बाजारातून ओळखीच्या दुकानाकडे जावे तसे, सरळ एका वस्तूपुढे नेऊन उभे करीत. वाटेत डोळे मिटून चालावे असा काही नियम नव्हता. पण उभे राहावयाचे ते एकाच ठिकाणी, आणि कंटाळा येईपर्यंत. "कंटाळा आला की मग खरे पाहणे सुरू होते," असे ते म्हणत. आणि आश्चर्य असे की ते खरे ठरे.

एका रविवारी ती वस्तू म्हणजे बुरख्यातील रिबेका होती. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराने संगमरवरात घडविलेली ही स्त्री पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोमहून आणली. दगडाच्याच चेहऱ्यावर दगडाचेच झिरझिरीत वस्त्र आहे, आणि त्या वस्त्रातून चेहरा दिसतो. दगडातून दगड दिसावा कसा, हे कोडे घेऊन आम्ही दोन आठवडे हिंडलो. दुसऱ्या एका रविवारी लाकडाचा एक दुहेरी पुतळा आमच्या वाट्याला आला. एकाच ओंडक्यातून कोरलेल्या या पुतळ्याच्या पुढच्या अंगाला गटेच्या 'फाउस्ट'मधला सैतान ताठ उभा आहे, आणि मागच्या अंगाला मान खाली घातलेली मार्गारेट. मागे आरसा ठेवलेला असल्यामुळे दोन्ही बाजू एकदम दिसतात. अण्णांनी आमच्यापैकी एकाला केवळ लाकडाकडे आणि दुसऱ्याला केवळ आरशाकडे पाहावयास सांगितले, आणि मग काय दिसले ते विचारले. एकाने गर्विष्ठ पुरुषाचे वर्णन केले, दुसऱ्याने लाजऱ्या मुलीचे. पाहता पाहता आमचे भांडण जुंपले. ते भांडण अण्णांनी पुरते रंगू दिले आणि मग एवढेच म्हटले, "दोघांचेही खरे आहे. आता जागा बदला." पुढील आयुष्यात कचेरीत, सोसायटीच्या सभेत आणि क्वचित स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा हे शेवटचे तीन शब्द आमच्या किती कामी आले, त्याची मोजदाद नाही.

दंडकाचा उत्तरार्ध घरी पार पडे. आमची आजी गुडघ्यांनी अधू होती. तिचा रविवार ओसरीवर जाई. जे पाहिले ते आजीला सांगावयाचे, आणि मराठीत सांगावयाचे. बोळात आम्ही दखनी बोलत असू, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी. मराठी ही घराची, देवाची आणि आजीची भाषा. या भाषेवर अण्णांनी आम्हांला कधी प्रवचन दिले नाही. त्यांनी केवळ आमच्यासमोर अशी एक श्रोती बसविली, जिला पाहिलेले दिसणार नव्हते आणि मराठीवाचून दुसरे काही रुचणार नव्हते. आजी प्रश्न विचारून हैराण करी. संग्रहालयातील प्रसिद्ध घड्याळाचे वर्णन आम्ही करीत होतो, तो प्रसंग आठवतो. घड्याळात एक इवलासा लोहार सेकंदागणिक हातोडा मारीत असतो, असे आम्ही म्हणालो. "कशावर मारतो?" आजीने विचारले. आम्हांला शब्द सापडेना. "लोखंडाच्या ठोकळ्यावर," आम्ही कसेबसे म्हटले. "ऐरण म्हणा, ऐरण," आजी म्हणाली. तो शब्द त्या दिवशी आमच्या मालकीचा झाला. पुस्तकातून आलेले शब्द पुष्कळ होते. हा मात्र वस्तू आधी आणि शब्द मागाहून, अशा क्रमाने आला, म्हणून तो पक्का बसला.

त्या घड्याळाविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे. 'कुक अँड केल्व्ही' या पेढीचे हे घड्याळ. तास भरत आला की एक दाढीवाला चिमुकला माणूस दार उघडून बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोले घंटेवर देतो, आणि पुन्हा आत निघून जातो. त्या क्षणासाठी माणसे कितीतरी आधीपासून जागा धरून बसतात. आम्ही त्या माणसाला दहा टोले देताना पाहिले आणि अकरा टोले देताना पाहिले. पण सर्वांत अधिक टोले बाराचे, आणि ते ऐकण्याचा योग आम्हांला कधी आला नाही. अकराचे टोले झाले की अण्णा उठत. आम्ही गयावया करीत असू, हट्ट धरीत असू. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते, "अकरा ऐकलेत ना? त्यांत एक मिळवा. बारा होतात." मग नया पुलावरून परत. मनात आले तर इराण्याच्या हॉटेलात एक उस्मानिया बिस्किट, दोघांत अर्धे अर्धे. बोळाच्या तोंडाशी ते आम्हांला सोडीत, "आईला सांगा, मी येतो," असे म्हणून बेगमबाजारच्या दिशेने चालू लागत, आणि दिवेलागणीला परतत.

सर्वच रविवार संग्रहालयात गेले असे नव्हे. एकदा त्यांनी आम्हांला उस्मानिया इस्पितळाच्या आवारातील एक चिंच दाखविली. झाड पाहावयास रविवार खर्च करावा याचा आम्हांला मनातून राग आला होता. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, हजारो माणसे वाहून गेली, आणि या एका झाडाच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसे वाचली. त्याच पुरात अमजद हैदराबादी या कवीची आई, पत्नी आणि मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत गेली. हे सांगून झाल्यावर अण्णांनी आम्हांला झाडाच्या खोडावर तळहात ठेवावयास सांगितले, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढच्या रविवारी गंडीपेठचा तलाव. पुरानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले, त्यांच्या सल्ल्याने धरणे बांधली गेली. १९२० साली उस्मानसागर पुरा झाला आणि १९२७ साली हिमायतसागर. आधी झाड, मग धरण, हा क्रम अण्णांनी हेतुतः ठेवला होता की सहज, ते कोण जाणे. संकटाच्या वेळी जे हाताला लागेल ते घट्ट धरावे, आणि संकट गेल्यावर स्वस्थ बसू नये, एवढे मात्र आम्ही त्या दोन रविवारांतून उचलले.

आणि एका रविवारी त्यांनी आम्हांला काहीच दाखविले नाही! १९९० च्या मार्च महिन्यात हुसेनसागरात उभारावयाची बुद्धाची एकसंध ग्रॅनाइटची प्रचंड मूर्ती तराफ्यावरून नेताना पाण्यात बुडाली, माणसेही दगावली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अण्णा आम्हांला टँकबंडावर घेऊन गेले. समोर नुसते पाणी. "काय पाहावयाचे?" आम्ही विचारले. "बुद्ध," ते म्हणाले. "आहे, पण दिसत नाही. अशा वस्तूही पाहता आल्या पाहिजेत." दोन वर्षांहून अधिक काळ ती मूर्ती पाण्याखाली होती. १९९२ च्या डिसेंबरात ती उभी राहिली, तेव्हा सारे शहर ती पाहावयास लोटले. आम्ही मात्र ती आधीच पाहिली होती, असा एक विलक्षण ताठा आमच्या अंगी आला होता.

सर्वांत मौजेचा रविवार गोवळकोंड्याचा. फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी सुमारे एक किलोमीटरवर, उंच बालाहिसारच्या माथ्यावर ऐकू येते, हे सर्वश्रुत आहे. वर कोण चढणार आणि खाली कोण राहणार, हा प्रश्न होता. अण्णा म्हणाले, "मी खाली." काकांबरोबर आम्ही साडेतीनशेहून अधिक पायऱ्या चढून वर गेलो. खाली दुसरेही टाळ्या वाजविणारे असणार. म्हणून खूण ठरली होती, आधी तीन, थोडे थांबून दोन. वर वारा होता, गर्दी होती, पतंग होते. आणि तशात ती टाळी आली; तीन, आणि मग दोन. अगदी कानाशी कोणी वाजवावी अशी. आम्ही इतके ओरडलो की काकांनी आमचे हात धरले. खाली उतरलो तेव्हा अण्णा तेथे नव्हते. "कामाला गेले," काका म्हणाले. मोठ्या माणसांना काम असते, यात आम्हांला नवल वाटले नाही.

अण्णांना जाऊन आता सहा वर्षे झाली. गौलीगुड्याचा उंबरठाही सुटला आहे. आम्ही शहराच्या पश्चिमेस, मियापूरला, एका उंच इमारतीत राहतो. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सात वर्षांची, आणि आई आमच्याजवळ. आठवड्यातून दोन दिवस रजा, खिशात अण्णांच्यापेक्षा अधिक पैसा. मुलांचे शनिवार-रविवार आनंदाचे असतात, आणि ते तसे व्हावेत म्हणून आम्हीही कंबर कसतो. पावसाळी शनिवारी दिवाणखान्यात गोधड्यांचा तंबू पडतो आणि त्यातच जेवणे होतात. रविवारी सकाळी आप्पेपात्र निघते. पीठ ओतण्याचा मान धाकटीचा, उलटण्याचा थोरल्याचा आणि करपलेले खाण्याचा आमचा. दिवाळीत सज्जात मातीचा किल्ला होतो, पण तो रायगड नसतो, गोवळकोंडा असतो. शेजारच्या एका गृहस्थांनी, महाराज कुतुबशहाच्या किल्ल्यावर कसे, असे विचारले, तेव्हा थोरल्याने ठणकावून सांगितले, "१६७७ साली ते येथे पाहुणे म्हणून आले होते." महाराजांच्या शेजारी त्याने चहाचा चिमुकला पेलाही ठेवला होता.

अशाच एका शनिवारी दुसऱ्या दिवसाचा बेत चालला असता आम्ही सहज म्हणालो, "सालारजंगला जाऊ. आम्ही बाराचे टोले कधी ऐकलेच नाहीत." आई मेथी निवडीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ऐकणार कसे? बाराला त्यांना पेढीवर बसावे लागे." मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहून तिनेच उलगडा केला. बेगमबाजारात एका किराणा व्यापाऱ्याकडे अण्णा दर रविवारी दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत आठवड्याची कीर्द-खतावणी लिहीत. आठ वर्षे लिहीत होते. आमच्या दोघांच्या शाळेची फी त्यातून जाई. सकाळचे दोन-तीन तास तेवढे त्यांचे स्वतःचे असत, आणि ते त्यांनी आम्हांला दिले होते. एवढे सांगून तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि ती उठली.

त्या रात्री आम्हांला लवकर झोप लागली नाही. ज्याला आम्ही वर्षानुवर्षे अण्णांचे तत्त्वज्ञान म्हणून मिरवीत आलो, त्याच्या मुळाशी बेगमबाजारची पेढी निघाली. एकच वस्तू पाहावयाची, कारण वेळ एकाच वस्तूपुरता होता. पायी जावयाचे, कारण बसचे पैसे वाचत. गोवळकोंड्यावर खाली थांबावयाचे, कारण तेथून परस्पर पेढी गाठावयाची होती. अकरांत एक मिळवावयाचा, कारण बारावा टोला पडण्यापूर्वी एक वही त्यांची वाट पाहत उघडी पडलेली असे. मग शिकवण म्हणून शिल्लक काय राहिले?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला अखेर स्वयंपाकघरात सापडले. फोडणीची पोळी हा पदार्थ कोणा पाकशास्त्रज्ञाने योजून केलेला नाही. रात्रीच्या पोळ्या उरल्या, टाकून देणे परवडत नव्हते, म्हणून एखाद्या गृहिणीने त्या कुस्करल्या आणि कांदा-मिरचीची फोडणी दिली. आज आमची मुले ताज्या पोळ्या मुद्दाम शिळ्या करावयास लावतात. पदार्थ अडचणीतून जन्मला म्हणून त्याची चव उणी झाली नाही. शिळी पोळी तर घरोघर उरते. फोडणी देणारा हात घरोघर असतोच असे नाही. अण्णांना "मला वेळ नाही" असे सांगून मोकळे होता आले असते, आणि ते खरेही होते. तसे त्यांनी सांगितले असते, तर आमच्या वाट्याला उणीव आली असती. त्यांनी उणीव स्वतःपाशी ठेवली आणि आमच्या हाती नियम दिला. आम्ही सात-आठ वर्षे एका तंगीच्या संसारात वाढलो, आणि आपण फार नेमस्त, फार निवडक माणसे आहोत अशा समजुतीत वाढलो. बापाने मुलांना देण्यासारखे यापरते दुसरे काय असेल?

पण मग आमच्यापुढे एक अधिक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि आमच्या वयाच्या अनेक आईबापांपुढे तो उभा असेल. अडचण संपली, आता नियमाचे काय करावयाचे? अण्णांना बारावा टोला देता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो आम्हांला मिळवावयास शिकविले. आम्हांला बाराही टोले देता येतात. सगळेच देऊन टाकले, तर मुलांनी मिळवावयाचे ते काय? आणि देता येत असून हात आखडला, खिशात पैसे असता गरिबीचे सोंग आणले, तर मुलांना ते ताबडतोब उमगते. सोंगातून शिकवण निघत नाही; सोंगातून सोंगच शिकतात. पोटभर असलेल्या घरात भुकेची किंमत कशी सांगावी, यावर अण्णांच्या वहीत काही लिहिलेले नाही, कारण त्यांच्यावर तशी पाळीच आली नाही.

आम्ही एवढेच ठरविले की मुलांपासून काही लपवावयाचे नाही. मेट्रोत बसल्यावर आम्ही त्यांना पेढीची, बाराची आणि एका वस्तूची सारी हकीकत सांगितली, आणि म्हटले, "आज वेळ आपल्या हातात आहे. किती वस्तू पाहावयाच्या ते तुम्ही ठरवा." थोरला म्हणाला, "सगळ्या." धाकटी म्हणाली, "घड्याळ." गांधी बसस्थानकाला उतरून आम्ही चालत निघालो. थोरल्याने तासाभरात डझनभर दालने पालथी घातली, आणि तो धापा टाकीत परत आला. "काय पाहिलेस?" आम्ही विचारले. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "पुष्कळ." मग आमच्याकडे न पाहता तो मुकाट्याने वळला, आणि जेडच्या मुठीच्या एका खंजिरापुढे जाऊन उभा राहिला. तो तेथे किती वेळ उभा होता ते आम्ही मोजले नाही. मोजले असते तर ते त्याच्या लक्षात आले असते.

बाराला पाच मिनिटे असताना आम्ही सारे घड्याळापुढे बसलो होतो. भोवती शे-दोनशे माणसे, कडेवर मुले, वर धरलेले मोबाइल. दाढीवाला माणूस बाहेर आला. त्याने टोले द्यावयास आरंभ केला, आणि धाकटी मोठ्याने मोजू लागली. दहा, अकरा. अकराव्या टोल्यापाशी आमचे शरीर आपोआप उठण्याच्या तयारीला लागले, इतकी ती जुनी सवय मुरलेली होती. आणि मग बारावा टोला पडला. तो अकराव्यासारखाच होता. त्यात अधिक नाद नव्हता, वेगळा सूर नव्हता. अण्णांनी सांगितले होते तेच खरे. अकरांत एक मिळविला की बारा होतात. तरीही तो एक टोला आमच्या घशाशी अडकला. त्या वेळी तेथून थोड्या अंतरावर, नदीपलीकडे, कीर्दीचे पान उलटणारा एक माणूस किती वर्षे बसत होता, ते आम्हांला त्या टोल्यातून दिसले. आहे पण दिसत नाही, अशा वस्तू पाहावयास त्यानेच शिकविले होते.

माणूस आत गेला. लोक उठू लागले. तेवढ्यात धाकटीने दोन्ही हात वर करून एक खणखणीत टाळी वाजविली आणि जाहीर केले, "तेरा!" शेजारपाजारची माणसे हसली, दारावरचा पहारेकरीही हसला. "तेरा कधी वाजत नाहीत," थोरला शहाणपणाने म्हणाला. "घड्याळाचे नाही," धाकटी म्हणाली, "माझे."

त्या टाळीने आमचा प्रश्न सुटला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मुले वाढतील, रविवार कमी होत जातील, आणि उद्या त्यांना आमच्याबरोबर यावेसे वाटणारही नाही. परंतु एवढा धीर आम्हांला आला की, बापाने अकरा दिले काय किंवा बारा दिले काय, एक मिळविण्याची जागा शिल्लक राहतेच. ती जागा आमच्या कंजूषपणाने निर्माण होत नाही आणि आमच्या उदारपणाने बुजत नाही. ती मुलांची स्वतःची असते. आपण तिच्यावर आपले सामान नेऊन ठेवले नाही, म्हणजे पुरे.

घरी आल्यावर आईने दोघांना समोर बसवून घेतले. तिचेही गुडघे आता आजीसारखेच झाले आहेत. थोरल्याने खंजिराची मूठ, तिच्यावरची पाने आणि त्या पानांच्या शिरासुद्धा सांगितल्या. धाकटीने घड्याळ सांगितले. लोहारापाशी ती अडली, हातवारे करू लागली, आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच आई म्हणाली, "ऐरण." धाकटीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग आईने विचारले, "बाराचे टोले ऐकलेत ना सगळे?"

"तेरा," धाकटी म्हणाली.

आईने तो आकडा दुरुस्त केला नाही. आमच्या घरात हिशेब तपासणारे अण्णा होते. आणि आम्हांला वाटते, त्यांनीही ही रक्कम आहे तशीच जमेस धरली असती.